आई कुठून बघते?

गणपतीत आमच्या पुण्याच्या घरातला टीव्ही गेला. गेला म्हणजे चित्र गेलं, आवाज राहिला. पुढचे चार दिवस आईबाबांनी तो रेडिओसारखा ऐकला. बाबा वैतागले; काळ्या काचेकडे बघत क्रिकेट ऐकणं त्यांना काही जमेना. आईचं मात्र फारसं अडलं नाही. "मला काय गं, मी तशीही ऐकतेच," ती फोनवर म्हणाली. तेव्हा मी ते कानाआड केलं. पुढे महिनाभर दुकानं पालथी घातल्यावर कळलं, की सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता.

बाबांनी अटी घातल्या. तीस हजारांच्या वर जायचं नाही. पाडव्याच्या आत घरी यायला हवा. "आणि तुमच्या त्या ऑनलाइनच्या भानगडीत पडू नकोस. डोळ्यांनी बघून घे." तिसरी अट मला जुनाट वाटली होती. तीच सगळ्यात शहाणपणाची निघाली.

शटरपासून सुरुवात

आमच्या घरातला हा चौथा टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामार्फत पुण्यात दिसू लागलं. तरी आमच्याकडे टीव्ही यायला आणखी दहाबारा वर्षं लागली. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आलं, आणि बाबांनी ब्लॅक अँड व्हाइट घेतला. हा विनोद नव्हे. रंगीत आला म्हणून ब्लॅक अँड व्हाइट आवाक्यात आला. मध्यमवर्गाची ही जुनी रीत आहे: आजची वस्तू बाजारात उतरली की आपण कालची घेतो आणि पुढची दहा वर्षं ती आजची म्हणून वापरतो.

तेव्हा निवड सोपी होती. वेस्टन, टेक्सला, क्राउन, डायनोरा, ईसी. नंतर ओनिडा, बीपीएल आणि आपल्या पैठण रस्त्यावरच्या चितेगावात बनणारा व्हिडिओकॉन. शेजारच्यांनी जो घेतला आणि ज्याचा मेकॅनिक सायकलवरून घरी येतो, तो चांगला. बाकी प्रश्न दोनच: शटर लाकडाचं आहे का, आणि गच्चीवर अँटेना कोण लावणार. चित्र कसं आहे हे कोणी विचारत नसे. मुंग्या नसल्या की चित्र चांगलं.

दुसरा टीव्ही एकवीस इंची रंगीत. त्याच्यासाठी नव्वदच्या दशकात सुताराकडून शोकेस करून घेतली. तिसरा बत्तीस इंची सपाट; तोच गणपतीत गेला. त्याच्या पहिल्या दिवशी आईने जुन्या टीव्हीवरचा विणलेला रुमाल आणि पितळी गणपती हातात घेऊन "आता हे कुठे ठेवू?" असं विचारलं होतं. सपाट टीव्हीला माथाच नसतो.

"सर, पंच बघा"

पहिली फेरी मोठ्या शोरूमची. आत शिरताच भिंतभर टीव्ही, आणि प्रत्येकावर तेच चाललेलं: मधाचा थेंब, पोपटाचं पीस, रात्रीच्या शहरावरून उडणारा कॅमेरा. विक्रेता मुलगा चुणचुणीत होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, बजेट?" दुसरा, "किती इंच?" तिसरा विचारलाच नाही. बाबांकडे वळून म्हणाला, "सर, पंच बघा. कलर बघा."

कलर होतेच. दुकानातले टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर लावलेले असतात. उजेड पूर्ण चढवलेला, रंग गडद, कडा कोरल्यासारख्या. ट्यूबलाइटच्या झगझगाटात उठून दिसायला हे ठीक. घरी तसाच ठेवला तर बातम्या देणारी बाई भाजून निघाल्यासारखी दिसते. मी म्हटलं, "एखादं साधं मराठी चॅनल लावता का?" तो जरा घुटमळला. इथे केबल जोडलेली नाही म्हणाला. टीव्हीच्या दुकानात टीव्ही लागत नव्हता.

मग खोक्यावरच्या शब्दांची ओळख करून घेतली. 'एलईडी टीव्ही' म्हणजे मुळात एलसीडीच. मागे उजेडाला एलईडी दिव्यांच्या पट्ट्या, इतकाच अर्थ. 'क्यूलेड' हाही एलसीडीच. पट्ट्या आणि काचेच्या मध्ये रंग खुलवणारा एक जास्तीचा थर. खरा वेगळा तो 'ओलेड'. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि तो आमच्या बजेटच्या गावचाच नव्हे. 'एचडीआर' हे अक्षर आता प्रत्येक खोक्यावर असतं, पण ते दिसायला पडद्यात उजेडाची ताकद लागते, आणि या किमतीच्या बहुतेक सेटमध्ये ती नसते. पाटी आहे, दुकान बंद आहे, अशातली गत.

घरी निघताना बाबा म्हणाले, "तो मुलगा सगळं सांगत होता. पण आपल्याला काय हवंय ते त्याला काय माहीत?" मला तरी कुठे माहीत होतं? दुसऱ्या दिवशी शिवणाच्या डब्यातला टेप काढला.

टेप

सुताराने आकार तीस वर्षांपूर्वीच ठरवून ठेवला होता. शोकेसचा कप्पा बेचाळीस इंच रुंद, सव्वीस उंच. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, त्यामुळे आकडा ऐकून रुंदी कळत नाही. पंचावन्न इंचीचा पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे चार फूट. पन्नास इंचीचा १११. त्रेचाळीस इंचीचा ९५, म्हणजे सव्वातीन फुटांच्या आत. आमच्या कप्प्यात त्रेचाळीसच बसणार. तरी मनाची समजूत काढायला हिशेब केला: बत्तीसपेक्षा त्रेचाळीसचं क्षेत्रफळ पावणेदोन पटीहून थोडं जास्तच. अकरा इंचांची वाढ नुसती ऐकायला लहान आहे.

शोकेस काढून भिंतीला लावायचा पर्याय होता. पण भिंतीवर लावताना आपल्याकडे टीव्ही पूर्वजांच्या तसबिरीच्या उंचीवर जातो आणि घर मान वर करून बसतं. बसल्यावर डोळे साधारण पडद्याच्या मध्यावर यावेत, इतकं साधं माप आहे. सुताराने ते न सांगता साधलं होतं.

नंतर सोफा. बाबांच्या डोळ्यांपासून पडदा आठ फूट. इथे 'फोर-के'चा हिशेब करून बघितला. फुल एचडीमध्ये आडवे १,९२० ठिपके, फोर-केमध्ये ३,८४०. एकूण ठिपके चौपट. पण डोळ्यालाही मर्यादा असते. चांगली नजर साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखते. त्रेचाळीस इंचीवर फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांपलीकडे तो निरोगी डोळ्यालाही सुटा दिसत नाही. पंचावन्न इंचीवर ही सीमा सात फुटांच्या आसपास. म्हणजे आठ फुटांवरून, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी बघणाऱ्या बाबांना चौपट ठिपक्यांचा उपयोग शून्य. आता या आकारात बहुतेक सेट फोर-केच येतात, तेव्हा नको म्हणायचंही कारण नाही. फक्त त्या अक्षरासाठी वर दोनतीन हजार मोजायचे नाहीत, इतकं पक्कं झालं.

त्याहून मोठा धडा सेट-टॉप बॉक्सच्या मागे होता. साध्या प्रक्षेपणाचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. ते फोर-के पडद्यावर पसरायचं म्हणजे एका ठिपक्याचे वीस करायचे. उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. "नवा टीव्ही आणला आणि चित्र जुन्याहून वाईट दिसतंय," ही तक्रार घरोघरी ऐकू येते ती यामुळे. गव्हाचं एक पोतं वीस घरांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? त्यात आमचा बॉक्स एचडी होता, पॅकमध्ये मराठी वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्याही होत्या, पण आठ वर्षांपूर्वी जोडणाऱ्याने पिवळी-लाल-पांढरी वायर लावून दिली होती. त्या वायरीतून एचडी जातच नाही. आम्ही आठ वर्षं पैसे एचडीचे भरले आणि बघितलं साधं. औषध म्हणजे काहीशे रुपयांची एचडीएमआय वायर.

शेवटी आई. तिची जागा विचारली तर म्हणाली, "मी कुठे बसते? मी आपली इथेच." इथे म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातली प्लॅस्टिकची खुर्ची. भाजी तिथेच निवडायची, शेंगा तिथेच सोलायच्या, मालिका तिथूनच. माप घ्यायला मी त्या खुर्चीत बसले. मान थोडी डावीकडे वळवली की टीव्ही, उजवीकडे वळवली की गॅस. कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, दूध दिसतं, दाराची बेल लागली तर दोन पावलांत दार. त्या घरातली सगळ्यात विचारपूर्वक निवडलेली जागा होती ती. आणि तिथून टीव्ही सरळ रेषेपासून पन्नास अंशांहून जास्त तिरका.

चिकाचा पडदा

या तिरकेपणाचं मोल मला एका दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितलं. जुना सेट दाखवायला त्यांच्याकडे नेला होता. गाळा दहा बाय आठचा, चारी बाजूंनी उघडे टीव्ही, आणि कोपऱ्यात एक जुनी पिक्चर ट्यूब आठवण म्हणून ठेवलेली. "हिच्या पुढे काही नाही बघा," ते म्हणाले. "काचेच्या आतला लेपच उजळायचा. चारी दिशांना सारखा. कुठूनही बघा, रंग तोच."

एलसीडीचं तसं नसतं. मागचा उजेड सतत चालू, आणि पुढे सूक्ष्म स्फटिकांचा पडदा तो अडवतो किंवा सोडतो. बांबूच्या चिकासारखंच. पट्ट्या कशा वळल्यात आणि तुम्ही कुठे उभे आहात यावर उजेड किती दिसणार हे ठरतं. या पडद्याच्या मुख्य जाती दोन. 'व्हीए' पॅनेल उजेड घट्ट अडवतं, त्यामुळे काळा खरंच काळा दिसतो. उजळ आणि काळ्यातलं अंतर तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त. पण बाजूला सरकलात की रंग धुतल्यासारखे फिके होतात. 'आयपीएस' पॅनेलमध्ये हे अंतर हजारास एकच्या आसपास. अंधाऱ्या खोलीत काळा राखाडी दिसतो. मात्र बाजूने बघितलं तरी रंग बरेचसे टिकतात. खोलीचे दिवे मालवून, समोर बसून सिनेमे बघणाऱ्याने पहिलं घ्यावं. दिवसभर ट्यूबलाइट चालू, माणसं इकडून तिकडे, असं घर असेल तर दुसरं.

"खोक्यावर वाचू नका," काका म्हणाले. "१७८ अंश सगळेच लिहितात. एकाच मॉडेलमध्ये दोन कंपन्यांची पॅनेलं येतात. दुकानात बाजूला उभं राहून माणसाचा चेहरा बघा. पोपट नका बघू. पोपटाचा रंग कोणाला पाठ असतो?"

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. आमच्या सेटची 'स्ट्रिप' गेली होती, म्हणजे मागच्या एलईडीच्या पट्ट्या. स्वस्त सेटमध्ये उजेड वाढवायला या पट्ट्या ताकदीच्या टोकाला चालवतात. बॅकलाइट घरी थोडा उतरवून ठेवला तर त्या जास्त टिकतात. पट्टी बदलता येते. "पण पॅनेल गेलं तर टीव्ही गेला." सेटच्या किमतीतला सगळ्यात मोठा हिस्सा पॅनेलचा, आणि ते येतं मुख्यतः चीनमधून, आपल्याकडे त्याला बोर्ड, पट्ट्या आणि डबा जोडला जातो. म्हणून वॉरंटीच्या कागदात एकच ओळ शोधायची: पॅनेलला किती वर्षं.

"आणि ताई, दिवाळीत आईंना सांगा, काचेवर पाणी मारायचं नाही." दिवाळीनंतर त्यांच्याकडे उभ्या रेघा आलेले सेट येतात. कोणीतरी साफसफाईच्या भरात काचेवर फवारा मारतं, पाणी ओघळून खालच्या कडेत शिरतं, आणि अनेक सेटमध्ये पडद्याला जोडणाऱ्या नाजूक पट्ट्या तिथेच असतात. कोरडं मऊ फडकं, सेट बंद करून. बस्स.

आमचा सेट त्यांनी दुरुस्त करून दिला. तो आता माझ्याकडे आहे.

पैशाचं गणित

सरकारनेही इंच मोजले होते. १ जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी आणि त्याच्या पुढे २८ टक्के, अशी रेघ होती. म्हणजे त्रेचाळीस इंची घेणारा चैनीच्या रांगेत. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, ती रेघ पुसली आणि सगळ्या आकारांना १८ टक्के झाले. जुन्या करासकट तीस हजारांचा सेट त्या हिशेबाने सत्तावीस हजार साडेसहाशेपर्यंत यायला हवा. बाबांच्या तीस हजारांत त्रेचाळीस निवांत बसायला लागला तो असा.

छापील किमतीकडे बघायचं नाही. ती खोडण्यासाठीच छापलेली असते. 'नो कॉस्ट ईएमआय' कडेही जरा थांबून बघायचं. बँक व्याज लावतेच. तेवढी सूट दुकान आधी देतं, म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खात्यातून जाते, आणि रोखीने घेतला असता तर मिळणारी सूट बहुतेकदा हुकते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल बँकांना खडसावलं होतं, कारण व्याज दुसऱ्या नावाने घेतलं जात होतं. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण आयुष्यात काही हप्त्याने घेतलं नाही. फक्त घर."

विजेचा खर्च मात्र उगाच बाऊ करण्यासारखा नाही. शंभर वॉटचा सेट रोज पाच तास चालला तर महिन्याला पंधरा युनिट.

तपकीर गल्ली

शेवटी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा आणि हातगाड्या चुकवत एका अरुंद दुकानात शिरलो. मालक सत्तरीचे. गल्ल्यामागून त्यांनी विचारलं, "कोणासाठी? काय बघतात?" महिनाभर फिरून हा प्रश्न पहिल्यांदा कानावर आला.

त्यांच्याकडे केबल जोडलेली होती. मी मराठी बातम्या लावायला सांगितल्या आणि बाजूला, साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक उभं राहतं तशी, तिरकी उभी राहिले. पहिला सेट समोरून देखणा होता. बाजूने निवेदिकेच्या चेहऱ्यावर कोणीतरी पावडर फासली. दुसऱ्याचा काळा तितका काळा नव्हता, पण बाजूने चेहरा चेहऱ्यासारखा राहिला. बाबा समोर बसले होते. "पहिला चांगला आहे की," ते म्हणाले. मी त्यांना उठवून माझ्या जागी उभं केलं. ते थोडा वेळ बघत राहिले. "ही तिची जागा ना?" एवढंच म्हणाले आणि दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

उरलेले प्रश्न मालकांनीच सोडवले. रॅम एक जीबी नको, दोन हवी. नाहीतर दोन वर्षांत सेट रिमोट दाबल्यावर विचार करत बसतो. अॅप्सचं फार मनाला लावून घेऊ नका. ती जुनी झाली तर पुढे एक स्टिक मागे खोचता येते, पॅनेल मात्र खोचता येत नाही. आणि एक गोष्ट, जी मला सुचलीच नसती: सेट चालू केल्यावर सरळ सेट-टॉप बॉक्स लागतो, की आधी जाहिरातींचं पान येतं? काही सेटमध्ये ही सोय सेटिंगमध्ये असते, काहींत नसते. नव्या टीव्हीच्या रिमोटला बहुधा आकडेच नसतात, आणि आईला चॅनल नावाने नाही, नंबराने पाठ आहेत. "म्हातारी माणसं टीव्ही बघायचं सोडतात ती डोळ्यांमुळे नाही," मालक म्हणाले, "रिमोटमुळे."

सेट पंचवीस हजारांच्या आत बसला. उरलेल्यातून एक लहान साउंडबार घेतला. सपाट टीव्हीचे स्पीकर बहुतेकदा खाली तोंड करून असतात. आवाज शोकेसच्या फळीवर आपटतो आणि संवाद गिळला जातो. आईच्या "मी तशीही ऐकतेच" ला हे माझं उत्तर होतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तो कप्प्यात बसला. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा उरली. रंगांचा मोड 'स्टँडर्ड', बॅकलाइट दोन घरं खाली, एचडीएमआय वायर, चालू केल्यावर सरळ बॉक्स. बाबांनी रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी चढवली. आईने साउंडबारवर हात फिरवून बघितला, आत गेली, आणि विणलेला रुमाल घेऊन आली. पितळी गणपतीसकट. आवाज अडेल म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, पण बार पुढच्या जाळीतून बोलतो. माथा मोकळा होता.

भाऊबीज करून मी परत आले. आठवड्याने फोन केला. बाबा क्रिकेटच्या हिरवळीवर खूश होते. आईला विचारलं, "दिसतं का गं नीट दारातून?"

"दिसतं की," ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली; ती एक क्षण थांबली, मोजली असावी. "ती माझ्या मालिकेतली थोरली सून आहे ना, मला वाटायचं ती बाई सदानकदा मळखाऊ रंगच नेसते. चांगला हळदीसारखा पिवळा आहे गं."